एक टन

उदगीरच्या डाळमिलला तिन्ही मजल्यांतून
एकाखाली एक भोकं आहेत, आणि शेवटचं छतात, चार बाय चारचं.
नकाशात त्याला हॅच लिहिलंय.
मन्मथप्पा मुकादम त्याला सवणं म्हणतात.
त्यांच्या गावच्या माळवदाला असंच एक होतं,
त्यातून धूर जायचा, आणि सकाळी
पिठाच्या डब्यावर उन्हाचा एक चौकोन पडायचा.

इथून धूर जात नाही.
इथून आज चारशे वीस किलोचा गिअरबॉक्स
एलिव्हेटरच्या माथ्यावर चढवायचाय.

मी लातूरहून सामान आणलं:
लोखंडी घोडी, पायांखाली रबर,
चेनकप्पी, दोन पट्टे, तीन शॅकल,
भोकाभोवती उभं करायचं कठडं,
आणि अंगात घालायचा पट्टा, ज्याला कुणी हात लावेना.
"बैलाचं जोतं हाय का, फिटर?"
सगळे हसले, तौफिक सोडून.
तो आधीच पट्टा चढवून उभा होता.
गेल्या साली इथूनच मोटार वर घेताना
त्याच्या मामानं सोलाचा पीळ सुटलेला पाहिला.
पाहिला, एवढंच मामा सांगतो.
उरलेलं त्याचा डावा हात सांगतो.

मन्मथप्पांनी हुकावरचं ग्रीस अंगठ्यानं पुसलं.
"काय लिव्हलंय?"
"एक टन. वर एक किलो बी नाही."
"आन् चढवलं तर?"
"चढवायचं नाही, अप्पा. म्हणून तर कोरलंय."
ते बराच वेळ हुकाकडं बघत राहिले.
"आमच्या टायमाला पोतं शंभराचं होतं.
चाळीस वर्षं वाहिलं.
पाठीवर कुणी आकडा कोरला नव्हता."

मी शॅकलच्या पिना पुन्हा मोजल्या.
तीनच होत्या.

साखळी ओढायला एक माणूस पुरतो.
कर्र-कट, कर्र-कट,
हातभर साखळी खाली येते तेव्हा
गिअरबॉक्स पेरभर वर सरकतो.
खाली मी खडूनं गोल ओढलाय, त्यात कुणी नाही,
नुसती तुरीची चुरी, आणि एक चिमणी,
तिला नियम सांगून झालाय.
अप्पांचं तोंड उघडं. हाळी घशाशी आलेली.
दहा जणांचा दम एका ठेक्यावर आणायची ती हाळी,
आता द्यायची कुणाला?
ते थुंकले आणि गप्प राहिले.

दुसऱ्या मजल्याच्या वर
तौफिकनं घाम पुसायला साखळी सोडली.
अप्पा झेपावले. दोन्ही हातांनी साखळी धरली,
टाचा रोवल्या, डोळे मिटले, चाळीस वर्षं जशीच्या तशी.

काही झालं नाही.
गिअरबॉक्स अधांतरी, जरासा डोलत.

"सोडा, अप्पा. आत दातावर खिट्टी बसती. ती धरते."
एक हात सुटला. दुसरा बऱ्याच वेळानं.
"म्हंजे हिला दम लागत नाही?"
"दम तौफिकला लागतो. वजन हिच्याकडं."
त्यांनी तळवे उलटे केले, सुलटे केले,
जणू कुणीतरी त्यांतून काहीतरी काढून घेतलंय
आणि काय ते आठवत नाही.

अडीच वाजता गिअरबॉक्स बसला. बोल्ट कसले.
चहा आला, बशीत तेलाचा तवंग.
मी वहीत लिहायला लागलो:
माल चारशे वीस, कप्पी एक टन, वेळ, सही.
अप्पा उठून तळमजल्यावर तोलकाट्याशी गेले,
चपला काढून वर उभे राहिले.
"वाच."
"बावन्न."
"वहीत घाल."
"कोणत्या रकान्यात, अप्पा?"
ते काही बोलले नाहीत.

वर तौफिकनं झाकण ओढलं.
काट्यावर पडलेला उन्हाचा चौकोन
आधी फळी झाला, मग दोरी.
कडी बसल्याचा आवाज तीन मजले उतरून आला.
अंधारात काट्यावर ते तसेच उभे होते,
आणि मी पेन उघडं धरून.